घरातल्या बारीकसारीक अपघातांचा धागा: "कोणी केलं?" नको, "कशामुळे झालं?" ते लिहा

रानजाई (सांगली), सोमवार, रात्री ९:४०

दूध उतू जातं, कुकरमधलं वरण छताला लागतं, लेकरू न्हाणीघरात कडी लावून अडकतं, चालू मिक्सर मध्येच बंद पडतो. असं कुठल्या घरात होत नाही? पण झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणी केलं?" मग एक नाव निघतं. बहुतेक वेळा सुनेचं, नाहीतर मुलाचं, नाहीतर कामाच्या मावशींचं. नाव निघालं की चौकशी संपते. ज्या कारणानं ते घडलं ते कारण मात्र तिथंच असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच घडतं.

म्हणून हा धागा. आपल्या घरी घडलेली साधी गोष्ट लिहा, पण सोबत ती कशामुळे घडली आणि पुढे काय केलं तेही लिहा. पूर्वी एका घरात चार बायका असायच्या, एकीला झालेला त्रास दुसरीला आपोआप कळायचा. आता प्रत्येकीचं स्वयंपाकघर वेगळं, त्यामुळे प्रत्येकीला पहिल्यापासून शिकावं लागतं.

सुरुवात दुधापासून करते. पाणी कितीही उकळलं तरी पातेल्याबाहेर उडी मारत नाही, मग दूधच का मारतं? दूध तापलं की वर साय धरते. खाली तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, त्यांना वर यायचं असतं, पण सायीचं झाकण त्यांना बाहेर पडू देत नाही. दुधातल्या प्रथिनांमुळे बुडबुडे लवकर फुटतही नाहीत. ते एकावर एक साठतात आणि साय उचलूनच बाहेर येतात. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळं होतं. माझ्या आजेसासूबाई पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवायच्या. त्याला टेकलेला फेस फुटतो, वाफेला वाट मिळते. त्यानं थोडा वेळ मिळतो एवढंच, आच मोठी असेल तर उलथन्यालाही न जुमानता दूध बाहेर येतं. पातेलं अर्ध्यापेक्षा थोडंच जास्त भरायचं आणि साय धरायला लागली की आच कमी करायची, हे जास्त खात्रीचं.

दूध खाली लागलं असेल तर तळ अजिबात खरवडू नका. वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओता. खरवडलं की करपट वास सगळ्या दुधाला लागतो.

---

मीठभाकर (सातारा), सोमवार, रात्री १०:१५

रानजाई, फार चांगला विषय काढलास गं. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या घरची गोष्ट सांगते. पाहुणे यायचे होते म्हणून कुकरमध्ये नेहमीपेक्षा जास्त तूरडाळ लावली होती. शिट्टी होईना. बराच वेळ झाला आणि मग एकदम मोठा आवाज होऊन झाकणावरच्या भोकातून वरणाचा फवारा छतापर्यंत गेला. कोणाला भाजलं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर तिला "लक्ष कुठं होतं?" एवढंच ऐकावं लागलं. ती बिचारी पुढे कित्येक दिवस कुकर लावताना हॉलमध्ये जाऊन उभी राहायची. तिला कुणी समजावून सांगितलंच नाही की नेमकं काय झालं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

---

पानापक्कड (कोल्हापूर), मंगळवार, सकाळी ७:०५

मीठभाकरकाकू, माझं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्या जाऊबाईंना माझा निरोप द्या, त्या दिवशी कुकरनं आपलं काम बरोबर केलं.

कुकरच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दुप्पट दाब असतो, त्यामुळं पाणी शंभरावर उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. हा दाब मर्यादेत राहावा म्हणून शिट्टी. पण तूरडाळीला फेस येतो. कुकर गळ्यापर्यंत भरला की तो फेस आणि डाळीची सालं शिट्टीच्या नळीत जाऊन बसतात. नळी बंद, शिट्टी बंद, आत दाब वाढतच राहतो. मग शेवटचा राखणदार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात कमी उष्णतेत वितळणारा धातू असतो. आतली उष्णता हद्दीबाहेर गेली की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. तो नसता तर झाकण गेलं असतं.

करायचं काय? डाळ-तांदूळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. दुसरं काही शिजवताना दोन तृतीयांश. डाळीत चमचाभर तेल टाका, फेस कमी येतो. आणि रोज झाकण धुतल्यावर शिट्टीची नळी उजेडाकडं धरून आरपार बघा. उजेड दिसला पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे, पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांत हे करणारे फार थोडे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. व्हॉल्व्ह गेला की त्याच कंपनीचा, त्याच कुकरचा नवा बसवा. माझ्याकडं व्हॉल्व्हच्या भोकात साधा नट-बोल्ट आवळून आणलेले कुकर आले आहेत. "वाफ जात होती म्हणून बंद केलं" म्हणतात. तसला कुकर मी दुरुस्त होईपर्यंत परत देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

---

एकटा_जीव (पुणे), मंगळवार, सकाळी ८:३०

दादा, एक विचारतो. आम्ही तिघं मित्र फ्लॅटवर राहतो. घाई असली की कुकर नळाखाली धरतो आणि झाकण ओढून काढतो. हे धोक्याचं आहे का?

---

पानापक्कड, मंगळवार, दुपारी १:२०

गार पाणी सोडून दाब उतरवणं वेगळं आणि झाकण ओढणं वेगळं. पाणी झाकणाच्या कडेवर सोडा, शिट्टीवर किंवा व्हॉल्व्हवर नको. त्यानंतर शिट्टी जरा उचलून बघा. वाफ येत नसेल तरच झाकण फिरवा. डाळ असेल तर मात्र शिट्टी उचलायची घाई करू नका, नळीतून डाळीची पिचकारी हातावर येते.

ज्या कुकरचं झाकण आतून लागतं, त्यात दाब असेपर्यंत झाकण वरच दाबलं जातं, ओढलं तरी निघत नाही. बाहेरून लागणाऱ्या झाकणात तसं नसतं. जोर लावून फिरवलं तर ते उडू शकतं. झाकण जड जात असेल तर आत दाब आहे असंच धरा. हातात जोर आहे म्हणून काढायचं नाही.

---

कोवळंऊन (नाशिक), मंगळवार, दुपारी ३:४५

मी बालरोग विभागात परिचारिका आहे. हा धागा बघून फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणारी बरीच लेकरं अशाच "साध्या" गोष्टींनी येतात. गरम चहाचा कप टेबलक्लॉथ ओढल्यानं अंगावर येतो. आंघोळीच्या गरम पाण्याची बादली जमिनीवर ठेवलेली असते आणि रांगतं बाळ तिथं पोहोचतं.

भाजल्यावर काय करायचं ते नीट सांगते, कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. भाजलेली जागा लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. वीस मिनिटं फार वाटतात, लेकरू रडत असतं, तरी धरा. वरची कातडी गार लागली तरी आतली उष्णता भाजणं चालूच ठेवते, ती काढायला एवढा वेळ लागतो. बांगडी, अंगठी, करदोटा, वाळे लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. बर्फ लावू नका, त्यानं कातडीला आणखी इजा होते. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून दवाखान्यात या. अगदी तान्हं बाळ असेल तर फक्त भाजलेला भाग पाण्यात, बाकी अंग गुंडाळून ऊबदार ठेवा.

टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यातलं काहीही लावू नका.

---

मीठभाकर, मंगळवार, सायंकाळी ६:१०

कोवळंऊन, बाळा, तुझं शिक्षण मोठं, पण आमच्या घरी तीन पिढ्या हळद-तूप लावत आले. कुणाचं काही वाईट झालं नाही. हळद जंतू मारते हे तर डॉक्टरही म्हणतात.

---

कोवळंऊन, मंगळवार, रात्री ८:००

काकू, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. थोडं भाजलं, लाल झालं, तर काही न लावताही ते बरं होतं, आणि श्रेय हळदीला जातं. अडचण येते ती फोड आलेल्या किंवा कातडी निघालेल्या जखमेत. तूप उष्णता आत धरून ठेवतं. हळदीनं जखमेचा रंग झाकला जातो, किती खोल भाजलंय ते डॉक्टरांना दिसत नाही. मग आम्हाला ती हळद धुऊन, पुसून काढावी लागते. काकू, त्या वेळी लेकराला जी कळ येते ती मी रोज बघते. म्हणून एवढ्या तळमळीनं सांगतेय.

चेहरा, हाताचा पंजा, सांधे किंवा जांघ भाजली असेल, किंवा जखम त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर घरी थांबू नका.

---

मीठभाकर, मंगळवार, रात्री ८:२५

धुऊन काढावी लागते हे माहीत नव्हतं गं. नातवंडांच्या आईला तुझा प्रतिसाद वाचून दाखवते.

---

परदेशी_पाखरू (न्यू जर्सी), बुधवार, पहाटे ५:५०

आमच्याकडचं रोजचं प्रकरण म्हणजे फोडणी. मोहरी तडतडली, सुकी मिरची पडली की छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागतो. बाळ झोपेतून दचकून उठतं. आई भारतातून बाळंतपणाला आली होती, तिनं या आवाजाच्या धास्तीनं फोडणीच सोडून दिली. बिनफोडणीचं वरण आम्ही मुकाट खाल्लं, पण आईचा चेहरा बघवत नव्हता. आपल्यामुळे मुलीला शेजाऱ्यांचं ऐकावं लागेल असं तिला वाटायचं.

मग नवऱ्यानं शोध घेतला. आमचा भोंगा स्वयंपाकाच्या ओट्याच्या अगदी जवळ होता. तो शेगडीपासून किमान दहा फूट लांब असावा असं इथलं मार्गदर्शन आहे. शिवाय भोंग्याचे दोन प्रकार असतात. एक आयनवाला, तो तळणीच्या बारीक कणांनाही लगेच ओरडतो. दुसरा प्रकाशाच्या किरणावर चालणारा, तो स्वयंपाकाच्या धुराला तुलनेनं कमी फसतो. इमारतीच्या कार्यालयाला लिहून तो बदलून आणि सरकवून घेतला. आता चिमणीचा पंखा आधी लावायचा, मग तेल तापवायचं, एवढं पाळलं की झालं.

कृपा करून कोणी त्याची बॅटरी काढून ठेवू नका. आमच्या ओळखीत बरेच जण काढतात. रात्री खरंच आग लागली तर उठवणार कोण?

---

वऱ्हाडी_पोर (अकोला), बुधवार, सकाळी ९:१५

आमच्याकडं उन्हाळ्यात कुलर लागला की तो रात्रंदिवस चालूच राहते. ताट्या बदलल्या, टाकी भरली, की सुरू. आमच्या घरी आई कुलरमधी पाणी भरून राहिली होती, कुलर चालूच. पाण्याची बादली कडेला टेकली अन् हाताला झिणझिण्या आल्या. आईनं बादली सोडली म्हणून निभावलं. बाबा म्हणे, "तुला किती डाव सांगितलं, चप्पल घालून भरत जा." म्हणजे झालं, चूक आईची!

मी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पाह्यलं तर पंपाच्या वायरचं वरचं आवरण उंदरानं कुरतडलेलं, अन् ज्या सॉकेटला कुलर लावला त्याला अर्थिंगच नाही. तीन पिनचा प्लग होता पण तिसऱ्या भोकामागं वायरच जोडली नव्हती. पत्र्याच्या कुलरमधी करंट उतरला की त्याला जमिनीत जायला रस्ता पाहिजे, तो नसला की तो माणसातून जाते. चप्पल घातली असती तरी तो कुलर तसाच राह्यला असता, अन् मग एखाद्या लेकरानं हात लावला असता.

उन्हाळ्यात आमच्या भागात कुलरच्या शॉकनं माणसं जातात, पेपरात वाचाले भेटते. म्हणून सांगतो, पाणी भरायच्या आधी बटन बंद अन् प्लग बाहेर. सीझनच्या सुरुवातीला मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्या. अन् कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावून ओढू नका, आधी मेन बंद करा. मेन लांब असन तर कोरड्या लाकडानं वायर दूर करा.

---

सडेतोड (ठाणे), बुधवार, रात्री ११:३०

धागा चांगला आहे, पण धागाकर्तीचा मूळ मुद्दा मला पटत नाही. प्रत्येक वेळी "कारण" शोधत बसलं तर जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बाथरूमचा दिवा, पंखा, गीझर सगळं चालू ठेवून येतो, ओल्या हातानं बटणं दाबतो. गेल्या आठवड्यात घरातली वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा तो बाथरूममध्ये होता. त्याला रागावलो नाही तर तो शिकणार कसा? निष्काळजीपणाला निष्काळजीपणा म्हणायला नको का?

---

रानजाई, गुरुवार, सकाळी १०:००

म्हणायला हवा, नक्कीच. ओल्या हातानं बटण दाबू नकोस हे त्याला सांगायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की रागावून झाल्यावर चौकशी थांबू नये. वऱ्हाडी_पोरच्या बाबांनी आईला चप्पल घाल म्हटलं, ते बरोबरच होतं. पण पोरानंही ते तिथंच सोडलं असतं तर कुरतडलेली वायर सापडली नसती. आणि रागाचा आणखी एक परिणाम मी जवळून पाहिलाय. ज्या घरात पोरांना ओरडा बसतो, त्या घरात पोरं गोष्टी लपवतात. नाकात मणी गेला तरी सांगत नाहीत, खेळण्यातली बॅटरी गिळली तरी सांगत नाहीत. कोवळंऊन, याबद्दल लिहिशील का?

---

कोवळंऊन, गुरुवार, दुपारी २:३०

हो, अगदी मनातलं बोललीस.

चपटी गोल बॅटरी (रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात, छोट्या वजनकाट्यात असते ती) गिळली असेल तर दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघू शकते. ओलाव्यानं तिच्यात वीज वाहू लागते आणि तिथं दाहक क्षार तयार होतो. पोटात नाणं गेल्यासारखं "उद्या पडेल" म्हणून थांबायचं नाही. उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही. थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. आणि मूल हे स्वतः सांगेल तेव्हाच आपल्याला वेळेत कळतं. आमच्याकडे एक मुलगी आली होती, तिला आईनं चार वेळा विचारलं, ती नाहीच म्हणाली, कारण खेळणं दादाचं होतं आणि त्याला हात लावायची बंदी होती.

नाकातला मणी, शेंगदाणा घरी पिनेनं, चिमट्यानं काढू नका, आत सरकतो. आणि कपाटातल्या डांबरगोळ्या साखरेच्या गोळीसारख्या दिसतात, त्या खाणारी लेकरंही येतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका द्रव्याची कमतरता असते, त्यांच्यात या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. त्या गोळ्या उघड्या ठेवू नका.

---

अबोली (फोंडा), गुरुवार, सायंकाळी ७:२०

वाचतेय सगळं. आमच्या गोव्यात पावसाळ्यात दारं फुगतात, त्याचं सांगते. जुन्या घरातली फणसाची, सागवानाची दारं. पाऊस लागला की न्हाणीचं दार लागेनासं होतं, आणि लागलं की उघडेनासं. गेल्या पावसात माझी वयस्क सासू आत अडकली. ती घाबरली, आणि घाबरली की तिचा दम वाढतो. मिस्टर लाथ मारून दार तोडायला निघाले होते, पण ती दाराला टेकूनच उभी होती, तिलाच लागलं असतं. शेवटी शेजारच्या मेस्तानं (सुतारानं) बाहेरून बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढल्या आणि दार बिजागरीच्या बाजूनं सोडवलं.

तोच मेस्त म्हणाला, लाकूड उंचीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. म्हणून दार चौकटीच्या बाजूला घासतं. पावसात रंधा मारून ते बसवलं तर मार्च-एप्रिलात फट पडते. तात्पुरतं मेणबत्ती किंवा कोरडा साबण कडेला घासायचा. आणि उन्हाळ्यात दार उतरवून वरची आणि खालची कड रंगवून घ्यायची. रंगारी त्या दोन कडा कधीच रंगवत नाहीत, कारण दिसत नाहीत. पण पाणी शोषलं जातं ते तिथूनच. आम्ही मे महिन्यात करून घेतलं, यंदा दार बरंच सुधारलं. आतली कडी काढून साधा हलका बोल्ट लावला, तोही वरच्या बाजूला, नातीच्या हाताला न लागेल असा.

---

एकटा_जीव, गुरुवार, रात्री ९:०५

दाराचं निघालंच आहे तर... आमच्या समोरच्या वहिनी कचरा ठेवायला बाहेर आल्या, वाऱ्यानं दार लागलं, लॅच पडलं. आत दीड वर्षांची मुलगी, आणि गॅसवर भाजी. आम्ही तिघं धावलो. पहिल्या मजल्यावरून चढायचा विचार होता, पण गॅस चालू असल्यानं १०१ ला फोन केला. अग्निशमन दलाची माणसं लवकर आली, गॅलरीतून शिरून दार उघडलं. भाजीचा कोळसा झाला होता, मुलगी हॉलमध्ये खेळत होती. वहिनी खाली बसून रडत होत्या आणि जिन्यात एक आजोबा म्हणत होते, "आजकालच्या मुलींचं लक्ष नसतं." मला तेव्हा बोलता आलं नाही, इथं बोलतो: त्या दाराला बाहेरून मूठच नव्हती, नुसतं लॅच. वारा आला की कोणाच्याही हातून हेच झालं असतं. आता त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते आणि दाराला खाली अडसर लावलाय.

दुसरं, आमचा मिक्सर चटणी वाटताना बंद पडला आणि जळका वास आला. गेला का?

---

पानापक्कड, शुक्रवार, सकाळी ७:३०

बहुतेक गेला नाही. मिक्सर उलटा करा, प्लग काढून. बुडाला लाल किंवा काळं बटन असतं. मोटरवर जोर आला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. अर्धा तास गार होऊ द्या, बटन आत दाबा, भांडं न लावता फिरवून बघा. सुकं खोबरं नि शेंगदाणे पाण्याशिवाय सलग वाटले की हे होतंच. थांबत थांबत फिरवा. आणि गरम टोमॅटो-कांदा झाकण लावून फिरवू नका, वाफेनं झाकण उडतं आणि तोंड भाजतं.

सडेतोडसाहेब, तुमच्या पोस्टवर कालपासून विचार करतोय. वीज गेली म्हणजे नेमकं काय पडलं होतं? साधा एमसीबी (एकेका लाइनचा छोटा खटका) की टेस्टचं बटन असलेला मोठा खटका?

---

सुगरणीचा_खोपा (जळगाव), शुक्रवार, दुपारी १२:४०

मध्येच थोडं गोड. आमच्या घरी दिवाळीत अनारसे हसले, म्हणजे तेलात पडताच पसरून विरघळले. नणंदबाई म्हणाल्या, "हात लागला कुणाचा तरी." अनारशाच्या पिठाला विटाळ लागतो म्हणून ते हसतात, ही समजूत आमच्याकडे फार घट्ट आहे आणि त्या समजुतीनं कितीतरी मुलींना चार दिवस अपराध्यासारखं बसवलंय. मला याचा खरोखर राग आहे. कारण पिठात गूळ जास्त झाला किंवा तांदूळ ओलसर राहिले की अनारसा पसरतो, दुसरं काही नाही. तूप पुरेसं तापलेलं नसेल तरीही. उपाय अगदी सोपा: थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घ्यायची आणि एकच अनारसा टाकून बघायचा. उलट पीठ कोरडं झालं असेल तर कुस्करलेलं पिकलं केळं थोडं. मी यंदा नणंदबाईंच्या समोर पिठी घालून दाखवली. जाळी सुरेख पडली. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचा घाणा स्वतः तळायला बसल्या.

आणि खारट आमटीत बटाटा टाकून मीठ कमी होत नाही हो. बटाटा आमटीचं पाणी शोषतो, मिठासकट, उरलेली आमटी तेवढीच खारट. त्यापेक्षा थोडी बिनमिठाची डाळ शिजवून मिसळा.

---

मीठभाकर, शुक्रवार, दुपारी १:३०

खोप्या, अनारशाचं वाचून डोळे भरून आले. आमच्या लहानपणी मलाच बाहेर बसवलं होतं.

---

सडेतोड, शुक्रवार, रात्री १०:१५

पानापक्कड, टेस्ट लिहिलेलं बटन असलेला खटका पडला होता. मिस्त्री येऊन गेला, म्हणाला गीझर तपासा. अजून तपासला नाही.

---

पानापक्कड, शनिवार, सकाळी ६:५०

साहेब, आज गीझर वापरू नका, प्रथम एवढं करा. तो खटका म्हणजे आरसीसीबी. घरगुती साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो. वीज जेवढी जाते तेवढी परत आली नाही, म्हणजे कुठंतरी गळती आहे, की तो पडतो. ओल्या हातानं बटन दाबलं म्हणून सहसा तो पडत नाही. गीझरच्या कॉइलला तडा गेला की पाण्यात करंट उतरतो आणि हा खटका पडतो.

शोधायचं असं. सगळ्या खोल्यांचे एमसीबी खाली करा, मोठा खटका वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर मोठा खटका पडेल त्या लाइनमध्ये दोष. त्या लाइनवरची सगळी उपकरणं प्लगमधून काढा आणि एकेक लावून बघा. मुलाला हे करताना जवळ उभा करा, हात लावू देऊ नका, पण बघू द्या. आणि कोणी काहीही सांगितलं तरी "सारखा पडतो" म्हणून तो खटका काढून टाकू देऊ नका.

---

सडेतोड, शनिवार, रात्री ८:४०

तुम्ही सांगितलं तसंच केलं. बाथरूमच्या लाइनवरच पडला. गीझरचा प्लग काढल्यावर पडायचा थांबला. मिस्त्रीनं गीझर उघडला, कॉइल फुगून चिरली होती. बोअरचं जड पाणी आहे आमच्याकडे, क्षाराचा जाड थर बसला होता. मुलगा सगळा वेळ बाजूला उभा होता. म्हणाला, "बाबा, मी म्हणत होतो ना, पाण्यात हात घातला की मुंग्या येतात." हे त्यानं मागच्या आठवड्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, त्याला सबब वाटली म्हणून.

कॉइल नवी टाकली. दर वर्षी थर काढून घ्यायला मिस्त्रीनं सांगितलंय.

---

रानजाई, शनिवार, रात्री ९:१०

मुलगा सुखरूप आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. सडेतोड, इथं येऊन लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

---

वऱ्हाडी_पोर, रविवार, सकाळी ८:००

गॅसबद्दल कोणी लिहिलंच नाही. आमच्या वाड्यात रात्री वास आला तवा एकानं लाइट लावायला हात नेला होता, दुसऱ्यानं धरला. नेमकं काय करावं?

---

पानापक्कड, रविवार, सकाळी ८:४५

हात धरला त्यानं फार मोठं काम केलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. म्हणून वरची खिडकी पुरत नाही, दार सताड उघडा. बटन चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, दोन्हीत ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखाही नाही. रेग्युलेटर बंद करा, जमलं तर काढून सिलिंडरला पांढरी टोपी लावा. मग सगळ्यांनी बाहेर, आणि बाहेर गेल्यावरच फोन. १९०६ हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालतो. पाइपचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर साठतो, तिथं वरच्या खिडक्याही उघडा आणि मीटरजवळची चावी फिरवा.

केशरी नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदला, वरून चांगली दिसली तरी. आज रविवार आहे, आत्ताच ओट्याखाली वाकून बघा.

---

एकटा_जीव, रविवार, सकाळी ९:२०

बघितली. आमची तर मागच्या भाडेकरूंची आहे, मुदत कधीच संपलीय. नवी आणायला निघालोय. दादा, मिक्सर बटन दाबल्यावर सुरू झाला.